आकाश सर्वांचे, गच्ची कोणाची?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांतील वाद वर्तमानपत्रांनी फारसे मनावर घेऊ नयेत, असा एक अलिखित संकेत आहे. गळणारी गच्ची, पाण्याची टाकी, रखवालदाराचा पगार आणि वाहने उभी करण्याची जागा यांवर दोन तास खर्च होतात, चहा होतो आणि सभा 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडल्याची नोंद इतिवृत्तात होते. अशाच सभेत मागच्या बाजूच्या सदनिकेत राहणारे एखादे निवृत्त शिक्षक उभे राहतात आणि गच्चीवर दूरचित्रवाणीची एक लहानशी तबकडी बसवू द्यावी, अशी विनंती करतात. गच्चीचे जलरोधक काम नुकतेच झाले आहे, तिथे खिळासुद्धा ठोकता येणार नाही, शिवाय एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील, असे चिटणीस सांगतात. त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल कंपनीचा मनोरा भाडेपट्ट्याने उभा असतो. त्याच्या पायाशी किती भोके पाडली, हे मात्र कोणी विचारीत नाही. गुरुजी खाली बसतात आणि महिनाअखेर केबलवाल्याला पैसे देतात.

या प्रसंगात अन्याय झाला असे कोणाला वाटत नाही, आणि हाच त्यातील चिंतेचा भाग आहे. शासनाने सार्वजनिक पैशातून जे प्रक्षेपण सर्वांसाठी विनामूल्य ठेवले आहे ते घेता येईल की नाही, हे नागरिकाच्या सदनिकेचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्याच्या संस्थेचे पदाधिकारी कोणत्या स्वभावाचे आहेत यावर ठरावे, ही स्थिती आपण कधी आणि कशी स्वीकारली, ते पाहण्यासारखे आहे.

मुंबईत दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळू लागले. त्या काळात ज्याच्या घरी संच आला त्याने गच्चीवर किंवा कौलांवर अँटेना उभारावा, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. संचाचा परवाना टपाल कचेरीतून घ्यावा लागे, पण अँटेनाचा परवाना कोणी मागितल्याचे प्रस्तुत लेखकाला स्मरत नाही. पुण्याच्या वाड्यांवरचे सारे अँटेना नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे तोंड करून उभे असत, आणि मुंबईत वरळीचा सुमारे तीनशे मीटर उंचीचा मनोरा हेच त्यांचे दैवत होते. एक जण वर अँटेना फिरवतो आहे, दुसरा जिन्यात उभा आहे, तिसरा संचासमोर आहे, आणि "आलं का?", "आलं, आलं!", "गेलं!" हे तीन मजल्यांचे संभाषण चालू आहे, हे दृश्य त्या पिढीने पाहिले आहे. 'साप्ताहिकी' सुरू होण्यापूर्वी अँटेनावर कावळा बसला तर त्याला हाकलण्यासाठी चाळीतील मुले आपण होऊन गच्चीकडे धावत. संच एकाच्या घरी असे, पण त्यासमोर सगळा मजला बसलेला असे. गच्ची कोणाची, हा प्रश्न तेव्हा निघाला नाही याचे एक कारण हेही असावे.

हवेला सरहद्द नसते, हेही त्या काळाने शिकविले. अमृतसरचे लोक लाहोरची नाटके पाहण्यासाठी अँटेना पश्चिमेला वळवीत, आणि अमृतसरचे केंद्र सुरू झाल्यावर लाहोरचे लोक हिंदी चित्रपटांसाठी आपले अँटेना पूर्वेला वळवू लागले. दोन्ही सरकारांना ते आवडत नव्हते, परंतु रोखण्याचा उपाय दोघांकडेही नव्हता. ज्याच्या घरावर चार धातूच्या कांड्या आहेत त्याला लहरी मिळणारच.

या कांड्यांचे शास्त्र फार कठीण नाही, आणि आज ते पुन्हा समजून घेणे आवश्यक झाले आहे. कारण अँटेना म्हणजे काय याचेच विस्मरण झाल्यामुळे बाजारात ग्राहकाची फसवणूक होते आणि सभेत त्याचा मुद्दा टिकत नाही. आडव्या दांड्यावर बसविलेल्या ज्या कांड्या आपण गच्च्यांवर पाहिल्या, ती रचना जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात १९२६ च्या सुमारास सिद्ध झाली. मुख्य काम शिंतारो उडा यांचे होते, पण जगभर ती हिदेत्सुगु यागी या त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने ओळखली गेली. विद्यापीठांतून असे घडते. या रचनेत तार जोडलेली कांडी एकच असते. तिच्या मागची किंचित लांब कांडी लहरींना परत पुढे फेकते आणि पुढच्या आखूड कांड्या त्यांना मुख्य कांडीकडे वळवितात. म्हणूनच अशा अँटेनाला दिशा असते. ज्या बाजूला आखूड कांड्या, त्या बाजूला मनोरा हवा.

मुख्य कांडीची लांबी साधारणपणे तरंगलांबीच्या निम्मी असते, आणि अँटेना निवडताना ध्यानात ठेवण्याची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मुंबईचे जुने प्रक्षेपण साठ मेगाहर्ट्झच्या आसपास होते. तिथे तरंगलांबी पाच मीटर, म्हणून कांडी अडीच मीटर. एवढे धूड सदनिकेत मावणे शक्य नव्हते, त्यामुळे गच्ची गाठावीच लागे. उलट, पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात, ज्यात आजचे अंकीय भूप्रक्षेपण बहुतेक ठिकाणी होते, तरंगलांबी साठ सेंटिमीटर असते आणि कांडी अवघी तीस सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. असा अँटेना खिडकीत बसतो, गॅलरीच्या कठड्यावर बसतो, कपाटावर ठेवला तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत अशी अंकीय भूसेवा सुरू केली, त्यांत मुंबई होती आणि औरंगाबादही, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. सदनिकेत राहणाऱ्या मध्यमवर्गीयाला संस्थेच्या परवानगीवाचून स्वतःच्या चार भिंतींत प्रक्षेपण घेता येईल, अशी सोय तंत्रज्ञानाने प्रथमच करून दिली होती. पण तिची जाहिरात झाली नाही, आणि घरोघरच्या बहुतेक संचांत ती घेण्याचे यंत्र नव्हते. ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्यापैकी फार थोड्यांना तिचा पत्ता लागला.

दुकानात मात्र अँटेनाच्या नावावर काय वाटेल ते विकले जाते. 'डिजिटल अँटेना', 'एचडी अँटेना', 'तीनशे किलोमीटरचा पल्ला' अशी विशेषणे डब्यांवर छापलेली असतात. अँटेनाला चित्र अंकीय आहे की जुन्या पद्धतीचे, हे कळत नाही. त्याला फक्त लहरीची लांबी कळते, आणि त्या पट्ट्यासाठी बनविलेला वीस वर्षांपूर्वीचा अँटेना आजही तितकेच काम देतो. पल्ल्याचे म्हणाल, तर पृथ्वी गोल आहे हे भूगोलाच्या पहिल्या पाठात शिकविलेले असते. तीनशे मीटर उंचीच्या मनोऱ्याची क्षितिजरेषा, लहरींचे थोडेसे वाकणे धरूनही, सुमारे सत्तर किलोमीटरवर संपते. पाहणारा चार मजले वर असला तर त्यात आणखी बारा-पंधरा किलोमीटरची भर पडते. तीनशे किलोमीटर हा आकडा विक्रेत्याच्या कल्पनाशक्तीचा पल्ला आहे.

अँटेना कोणता, यापेक्षा तो कुठे, हा प्रश्न सदनिकेत अधिक महत्त्वाचा असतो. सिमेंट काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी सळ्यांचे जाळे असते आणि ते लहरींना चाळणीसारखे अडविते. अलीकडच्या इमारतींच्या दर्शनी काचांवर उष्णता परतविण्यासाठी धातूचा जो पातळ थर देतात, तोही तेच करतो. आपल्याकडच्या खिडक्यांना आणखी एक विशेष अडथळा असतो, तो चोरांच्या भीतीने बसविलेल्या लोखंडी जाळीचा. साठ सेंटिमीटर लांबीच्या लाटेला दहा-बारा सेंटिमीटरच्या फटी जवळजवळ बंदच असतात. त्यामुळे जाळीच्या आत ठेवलेला चांगला अँटेना जाळीबाहेर ठेवलेल्या साध्या अँटेनापुढे हरतो. मनोऱ्याच्या दिशेची खिडकी उत्तम, ती नसल्यास समोरच्या इमारतीवरून परतलेल्या लहरींवरही भागते. जुन्या प्रक्षेपणात अशा परतीच्या लहरीमुळे प्रत्येक नटाच्या खांद्यामागे त्याचेच भूत उभे राही. युरोपने तयार केलेली आणि आपण स्वीकारलेली अंकीय पद्धत मात्र अशा लहरी पचवू शकते. तथापि तिचा एक दोष आहे. जुने चित्र क्षीण झाले की मुंग्या दिसत, पण बातम्या ऐकू येत. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते आणि त्यानंतर एकाएकी नाहीसे होते. म्हणून चित्र दिसू लागले की तेवढ्यावर समाधान न मानता अँटेना हातभर इकडेतिकडे सरकवून पाहावा. अशा लहरींच्या बाबतीत हातभर अंतराने फार फरक पडतो. पावसाळ्यातील रात्रीसाठी थोडी शिल्लक हाताशी असलेली बरी.

तारेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जुनी चपटी तार आता कोणी वापरू नये. गोल, कवच असलेली तारसुद्धा वीस मीटर लांब झाली तर या पट्ट्यात जवळजवळ अर्धी शक्ती वाटेतच खाऊन टाकते. एका तारेचे दोन संचांसाठी दोन फाटे केले तर प्रत्येकाला निम्म्याहून थोडे कमीच मिळते. यावर दुकानदार शक्तिवर्धक विकतो, आणि तो उपयोगी असतोही, मात्र अँटेनाजवळ बसविला तरच. संचाजवळ बसविलेला वर्धक तारेत शिरलेला गोंगाटही इमानाने वाढवून देतो, आणि अँटेनाने जे पकडलेच नाही ते कोणताही वर्धक निर्माण करू शकत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी खोली घेताच केबलची वर्गणी भरण्यापूर्वी हा खिडकीतील प्रयोग एकदा करून पाहावा. त्या देशांच्या मोठ्या शहरांतून भूप्रक्षेपण उत्तम चालते आणि त्यावर अनेक वाहिन्या फुकट मिळतात.

आपल्याकडे मात्र भूप्रक्षेपणाचा काळ उलट्या दिशेने गेला. मोक्याच्या ठिकाणची सुमारे पन्नास प्रक्षेपण केंद्रे वगळता उरलेली जुन्या पद्धतीची केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले. जुनी यंत्रे वीज खात होती, त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते आणि त्यांकडे पाहणारे उरले नव्हते. निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. परंतु त्यानंतर विनामूल्य दूरचित्रवाणीचा सारा भार उपग्रहावर गेला. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची उपग्रहसेवा, जिला पुढे 'फ्री डिश' हे नाव मिळाले, आज चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. महिन्याची वर्गणी नाही, एकदा तबकडी आणि पेटी घेतली की झाले. भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये संचाच्या पोटातच उपग्रहग्राहक बसविण्याविषयीचे मानक प्रसिद्ध केले, म्हणजे पुढे पेटीचीही गरज राहू नये. खेड्यातील, कौलारू किंवा पत्र्याच्या घरातील माणसाला ही सेवा वरदान ठरली आहे, यात शंका नाही.

शहरातील सदनिकेत मात्र तिची गाठ भूमितीशी पडते. ज्या उपग्रहावरून ही सेवा येते तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर आहे. मुंबई-पुण्याहून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. तबकडीला त्याच दिशेने पाहिले पाहिजे, त्यात दोन-तीन अंशांचीही सूट नाही, आणि भिंतीवरून परतलेल्या लहरीवर तिचे भागत नाही. याचा अर्थ असा की पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे गॅलरी असलेल्या सदनिकेला ही सेवा मिळू शकते, आणि पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेल्या सदनिकेला, तिच्या मालकाने काहीही केले तरी, स्वतःच्या हद्दीत ती मिळू शकत नाही. त्याला गच्चीच हवी. समुद्राकडे तोंड असलेली पश्चिमेची सदनिका सर्वांत महाग असते, तिच्या मालकाची चिंता वाहण्याचे कारण नाही. परंतु उपनगरातील चार मजली इमारतीत मागच्या बाजूला, उत्तरेच्या अंधाऱ्या खोल्यांत, कोण राहते ते आपणांस ठाऊक आहे. पूर्वेकडे गॅलरी असूनही प्रश्न सुटतोच असे नाही. वीस मीटरवर समोर उभी राहिलेली नवी इमारत तबकडीच्या पातळीहून बत्तीस मीटर, म्हणजे साधारण दहा मजले, वर गेली की त्या बाजूचे आकाश संपते. मुंबईत पुनर्विकासाच्या नावाने आज जे चालले आहे ते पाहता असे रोज कुठे ना कुठे घडत असणार.

ही अडचण केवळ आपली नाही. लंडनमधील कॅनरी वॉर्फचा सुमारे अडीचशे मीटर उंचीचा, पोलादी पत्र्याने मढविलेला मनोरा उभा राहिला, तेव्हा त्याच्या सावलीतील कष्टकरी वस्तीत क्रिस्टल पॅलेसहून येणारे दूरचित्रवाणीचे चित्र बिघडले. बीबीसीने १९९१ मध्ये तिथे एक दुय्यम प्रक्षेपक बसवून दुरुस्ती केली, परंतु मधल्या काळाच्या भरपाईसाठी शेकडो रहिवासी न्यायालयात गेले. १९९७ मध्ये उमरावांच्या सभागृहाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. शेजाऱ्याच्या इमारतीने तुमचे दृश्य अडले तर दाद मागता येत नाही, तसेच लहरी अडल्या तरीही नाही, असे त्याचे सार होते. अशा गोष्टींचा विचार बांधकामाला परवानगी देतानाच व्हावयास हवा, असाही सूर त्यात होता. निकाल कठोर असला तरी त्यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट होता. हा प्रश्न शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणावर सोडता येत नाही, नियमच करावा लागतो.

अमेरिकेने तो केला. तेथील काँग्रेसने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात तशी आज्ञा घातली, आणि त्यानुसार संघीय दळणवळण आयोगाने त्याच वर्षी नियम केला. दूरचित्रवाणीचा अँटेना किंवा एक मीटरपर्यंतची तबकडी आपल्या एकट्याच्या ताब्यातील जागेत, म्हणजे गॅलरीत, अंगणात, बसविण्यास घरमालकांची संघटना, नगरपालिका किंवा जमीनमालक अवाजवी आडकाठी करू शकत नाही. १९९९ पासून हे संरक्षण भाडेकरूंनाही मिळाले. नियम एकतर्फी नाही. गच्ची किंवा बाहेरची भिंत यांसारख्या सामाईक जागांवर तो हक्क देत नाही, सुरक्षिततेसाठी आणि ऐतिहासिक वास्तूंसाठी निर्बंध घालू देतो. त्यातील एक तरतूद विशेष विचार करण्यासारखी आहे. इमारतीने स्वतःच तितक्याच दर्जाचा आणि साधारण तितक्याच खर्चाचा सामाईक अँटेना पुरविला, तर वैयक्तिक अँटेनांना मनाई करता येते. म्हणजे संस्थेला गच्ची मोकळी हवी असेल तर तिने सोय करावी. सोयही नाही आणि परवानगीही नाही, असे दोन्ही बाजूंनी चालणार नाही.

आपल्याकडे या विचाराला आधार नाही असे नाही, उलट तो अधिक भक्कम आहे. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात जो झगडा झाला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे ठरविले, आणि माहिती देण्याचा तसाच ती मिळविण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो असे सांगितले. या निकालाचा उल्लेख तेव्हापासून वाहिन्यांचे मालक सतत करीत आले आहेत. लहरी पाठविणाऱ्यांना त्यातून पुष्कळ मिळाले, पण घेणाऱ्याच्या पदरात अजून काही पडलेले दिसत नाही. ज्या मालमत्तेचा मी सहमालक आहे ती माझ्या घराच्या गच्चीवर रोज उतरते आणि मला तिथे जाण्यास मज्जाव आहे, एवढे साधे म्हणणेही कोणी न्यायालयापुढे ठामपणे मांडले नाही, तर निदान सहकार खात्याने ते ऐकावयास हवे.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची बाजू अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने आषाढात वरच्या मजल्याच्या छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या ठेवल्या आहेत, त्याला गच्चीतील प्रत्येक भोक शत्रू वाटावे हे स्वाभाविक आहे. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे दोन पावसाळ्यांत गंजतात आणि वादळात तबकडी सुटून खाली कोणाच्या डोक्यात पडू शकते. तीस सदनिकांच्या तीस तबकड्या आणि त्यांच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या तीस तारा हे दृश्य कोणालाही शोभादायक वाटणार नाही. उंच दांडा भूमीशी जोडलेला नसेल तर विजेचा धोकाही खराच. परंतु हे सारे आक्षेप एका सामाईक तबकडीने दूर होतात. गच्चीला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यावर ती बसविता येते, तिला एकदाच नीट भूमिजोड देता येते, आणि तिची तार एकाच नळीतून प्रत्येक मजल्यावर नेऊन वर्धकाच्या साहाय्याने सर्व सदनिकांना वाटता येते. तीस कुटुंबांत वाटलेला हा खर्च एखाद्या गणेशोत्सवाच्या वर्गणीहून फारसा अधिक होऊ नये. वरून ज्या संस्थेला मोबाइल मनोऱ्याचे भाडे मिळते तिने खर्चाची सबब सांगू नये हे बरे.

यावर सुशिक्षित घरांतून एक उत्तर हमखास येते. आता दूरचित्रवाणी कोण पाहतो, सगळे हातातील फोनवर मिळते, असे ते उत्तर असते. ज्यांच्या घरी फोनचा मासिक खर्च कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यांचे ते बरोबर आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या लिपिकाच्या घरी तो लक्षात येतो. केबलच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ साली शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे शुल्क करांव्यतिरिक्त महिना १३० रुपयांपर्यंत बांधून दिले होते. आवडीच्या वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाही काढून घेण्यात आली. वर्षाला दोन-अडीच हजार रुपये ही रक्कम अनेक घरांत मुलीच्या पुस्तकांची असते. पैशाखेरीज आणखीही एक गोष्ट आहे. वादळात, पुरात फोनची जाळी प्रथम कोलमडते, आणि नेमक्या त्याच वेळी हवेतून सर्वांना सारखे मिळणारे प्रक्षेपण कामी येते. मुसळधार पावसात उपग्रहाच्या लहरी काही काळ क्षीण होतात, हे खरे. म्हणूनच शहरांतून अंकीय भूप्रक्षेपण ठेवावे आणि वाढवावे, अशी आमची मागणी आहे. फूटपट्टीएवढ्या अँटेनाला ना आग्नेय दिशा लागते, ना कोणाची गच्ची. ज्या उत्तरेकडच्या खोल्यांचा उल्लेख वर केला, त्यांना स्वतःच्या हद्दीत राहून विनामूल्य प्रक्षेपण देणारा दुसरा मार्ग नाही. शासन ते देणार नसेल, तर गच्चीचा मार्ग तरी त्याने मोकळा करून द्यावा.

त्यासाठी संसदेत नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत आहेत. सदनिकाधारकाला व त्याच्या भाडेकरूला स्वतःच्या खिडकीत किंवा गॅलरीत अँटेना वा तबकडी सुरक्षितपणे बसविता येईल, आणि ज्याच्या सदनिकेतून आग्नेयेचे आकाश दिसत नाही त्याने मागणी केल्यास संस्था ठराविक मुदतीत सामाईक तबकडी उभारील किंवा गच्चीवर जागा देईल, एवढे एक कलम त्यांत घालता येईल. नव्या इमारतींच्या बाबतीत काम त्याहून सोपे आहे. नळ आणि वीज यांसाठी जशा नळ्या भिंतीत आधीच ठेवल्या जातात, तशी आणखी एक नळी गच्चीपासून प्रत्येक सदनिकेपर्यंत ठेवण्याची अट बांधकामाच्या परवान्यात घालावी. विकासकाला तिचा खर्च जाणवणारही नाही. पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा यांची चित्रे छापणाऱ्या त्यांच्या माहितीपुस्तिकांत तिला जागा मिळाली नाही तरी चालेल.

तोपर्यंत गुरुजींनी एक करावे. येत्या सभेची सूचना निघण्यापूर्वी आपली मागणी लेखी द्यावी, ती विषयपत्रिकेत घेण्याचा आग्रह धरावा, आणि अर्जासोबत इमारतीचा एक साधा नकाशा जोडून त्यावर आग्नेय दिशा बाणाने दाखवावी. मोबाइल कंपनीबरोबरचा भाडेकरारही सभेपुढे ठेवावा, अशी विनंती त्याच अर्जात करावयास हरकत नाही.